कुलूप घेण्याआधी दार पाहा

घरफोडीच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं : चोरट्यांनी बंद घराचा कडी-कोयंडा तोडून आत प्रवेश केला. हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलेलं असतं, की त्यातली कामाची माहिती नजरेतून निसटते. अशा चोरीत कुलूप फुटलेलंच नसतं. ते ज्यात अडकवलं होतं, तो कोयंडा उपटला जातो. कुलूप धडधाकट आणि लावलेलं असतं, फक्त ते कोयंड्यासकट जिन्यात पडलेलं असतं. महागाचं कुलूप पाऊण इंची चार स्क्रूंच्या भरवशावर लटकत होतं, असा याचा अर्थ.

घराच्या सुरक्षेचा विषय निघाला की आपण एकदम मोठ्या कुलपाकडे किंवा कॅमेऱ्याकडे वळतो. दोन्ही गोष्टी उपयोगी आहेत, पण त्यांचा नंबर नंतरचा. त्याआधी करण्यासारखी बरीच कामं आहेत आणि त्यांतली बहुतेक एक पेचकस, एक ड्रिल मशिन आणि काहीशे रुपये एवढ्यात होतात. काही तर फुकट होतात. ती कामं कोणती, ती का उपयोगी पडतात आणि कोणत्या क्रमानं करावीत, ते पाहू.

चोराला काय नको असतं

बंद घर फोडणाऱ्याला तीन गोष्टी नको असतात : वेळ लागणं, आवाज होणं आणि कोणाच्या नजरेला पडणं. हातात कटावणी असलेल्या माणसापुढे कुठलंही साधं दार कायमचं टिकत नाही, हे मान्य करूनच सुरुवात करावी. आपल्याला अभेद्य किल्ला बांधायचा नाही. एका हिसक्यात होणाऱ्या कामाला दहा मिनिटं लागावीत, त्या दहा मिनिटांत खडखडाट व्हावा आणि तो ऐकायला कोणीतरी असावं, एवढं साधलं तरी पुष्कळ झालं. पुढचा प्रत्येक उपाय या तिन्हींपैकी कशात भर घालतो, हे तपासत गेलं म्हणजे कुठे पैसे घालायचे आणि कुठे नाही, तेही आपोआप कळतं.

आधी घराभोवती एक फेरी

सुट्टीच्या दिवशी घराला कुलूप लावून बाहेर उभं राहा आणि किल्ली हरवली आहे असं समजा. आता आत कसं शिरता येईल? आपलं घर आपल्याला चांगलं ठाऊक असतं, त्यामुळे उत्तरं भराभर सुचतात. बाथरूमच्या खिडकीच्या आडव्या काचा सरकवून निघतात. ड्राय बाल्कनीचं दार नुसतं लोटलेलं असतं. गच्चीच्या दाराला आतून एकच कडी आहे. शेजारच्या छज्ज्यावरून आपल्या छज्ज्यावर पाय टाकता येतो. मागच्या बोळात रंगाऱ्यानं ठेवलेली शिडी अजून तिथेच आहे. किल्ली चपलांच्या कपाटात, मीटरच्या डब्यात किंवा कुंडीखाली आहे, आणि बाहेरचा माणूसही पहिल्यांदा तिथेच हात घालेल.

जे जे सुचेल ते कागदावर लिहा. हीच फेरी रात्री पुन्हा मारा. दिवसा न दिसणारे काळोखे कोपरे तेव्हा कळतात. या यादीतली निम्मी कामं बिनपैशाची असतात : शिडी आत घेणं, किल्लीची जागा बदलणं, गच्चीच्या दाराला रोज कडी लावणं. एक सवय तर सगळ्यांत आधी लावायला हवी. सकाळी दूध घेतल्यावर दार पुरतं लावून घ्यायचं. पुण्या-मुंबईत विद्यार्थ्यांच्या आणि नोकरदारांच्या खोल्यांमधून मोबाइल, लॅपटॉप जातात, त्यांत पहाटे-सकाळी उघड्या राहिलेल्या दारातून झालेल्या चोऱ्या बऱ्याच असतात. तिथे कुठल्याच कुलपाचा उपयोग नसतो.

दार : कोयंडा, चौकट आणि बिजागरी

जुन्या वाड्यांच्या दारामागे अडसर असे. जाड चौकोनी लाकूड, दाराच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत त्यासाठी ठेवलेल्या खोबणी. रात्री तो भिंतीतून ओढून आडवा सरकवला की बाहेरून दिलेला धक्का दाराच्या फळीवर न थांबता दोन्ही भिंतींवर जाई. धक्का भिंतीपर्यंत पोचवायचा, हे त्यातलं तत्त्व. आजच्या दारालाही तेच लागू आहे. आपल्या दारात धक्का अडतो तो पातळ पट्टीवर आणि आखूड स्क्रूंवर, आणि तिथेच दार हार खातं.

कोयंड्याचा एक स्क्रू काढून हातात घेऊन पाहा. बहुधा तो बोटाच्या पेरापेक्षाही आखूड असेल. त्याचे आटे लाकडात जेमतेम दोन-चार फेरे शिरलेले असतात. कटावणीचं टोक कोयंड्याच्या पट्टीखाली घालून दाबलं की असे चारही स्क्रू एकदम सुटतात. उपाय सोपा आहे. स्क्रूच्या जागी दाराच्या आरपार जाणारे गोल डोक्याचे बोल्ट बसवायचे. गुळगुळीत गोल डोकं बाहेर, त्याला पान्हा लागत नाही. आतल्या बाजूला मोठा वॉशर, शक्य असेल तर सगळ्या बोल्टांना मिळून एक लोखंडी पट्टी, आणि त्यावर नट. आता कोयंडा उपटायचा तर दाराची फळी फाडावी लागेल. अल्ड्रॉपच्या क्लॅम्पनाही हेच करा. सुताराला हे काम तासाभराचं आहे आणि सामान शे-दोनशे रुपयांचं.

अल्ड्रॉपचा दांडा चौकटीत किती शिरतो, तेही पाहा. पावसाळ्यात दार फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, दांडा मग जेमतेम टोकावर अडकतो. दीड इंच तरी आत जायला हवा. चौकटीच्या भोकावर लोखंडी पट्टी ठोकलेली असावी आणि तिचे स्क्रू तीन इंची असावेत. तेवढा स्क्रू चौकटीचं लाकूड ओलांडून भिंतीत शिरतो. भिंतीत आधी भोक पाडून त्यात प्लास्टिकचा प्लग बसवला की तो पक्का धरतो. अडसराचं तत्त्व ते हेच.

मग बिजागरी. दार बाहेर उघडत असेल, तर बिजागरीची पिन बाहेरच्या बाजूला येते. ती खालून ठोकून वर काढली की कुलूप लावलेलं दार दुसऱ्या बाजूनं उघडतं. गच्चीची दारं, मागची दारं आणि सेफ्टी डोअर बहुधा बाहेरच उघडतात. यावर एक जुनी, स्वस्त युक्ती आहे. दाराच्या बिजागरीकडच्या कडेत, दोन बिजागऱ्यांच्या मध्ये, एक जाड स्क्रू अर्धा आत जाईल असा पिळायचा आणि त्याचं डोकं कापून टाकायचं. बाहेर सेंटिमीटरभर खुंटी उरते. तिच्या समोर चौकटीत तेवढंच भोक पाडायचं. दार बंद झालं की खुंटी चौकटीत शिरते, आणि पिन काढली तरी दार उचलून काढता येत नाही. अशा दोन खुंट्या पुरतात. सेफ्टी डोअर लोखंडी असेल, तर पिनेच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगचा एकेक ठिपका द्यायचा.

सेफ्टी डोअरची जाळी विरळ असेल, तर तिच्यातून हात घालून आतली कडी काढता येते. कडीच्या आसपास फूटभर तरी बारीक जाळी किंवा पत्रा लावून घ्या. दारावरची बेल वाजली की मॅजिक आयमधून पाहायचं आणि सेफ्टी डोअर न उघडताच बोलायचं, हे घरातल्या लहान-मोठ्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलं पाहिजे.

कुलूप आतून कसं चालतं

दार पक्कं झालं की मग कुलपाचा विचार करायचा. आपल्याकडे प्रामुख्यानं दोन जाती. पहिली लिव्हरची. या कुलपात पितळेच्या पातळ पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात. किल्लीनं प्रत्येक पट्टी ठराविक उंचीइतकीच उचलली, तरच बोल्ट सरकतो. कमी उचलली तरी अडतो, जास्त उचलली तरी अडतो. इंग्लंडमधल्या रॉबर्ट बॅरन यानं १७७८ मध्ये ही रचना शोधली. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून चांगली देशी कुलपं आपल्याकडे घरोघरी पोचत गेली. कुलपावर ‘सेव्हन लिव्हर’ असं लिहिलेलं असतं, ते या पट्ट्यांबद्दल. पट्ट्या जितक्या जास्त, तितकं दुसऱ्या किल्लीनं किंवा तारेनं उघडणं अवघड.

दुसरी जात सिलिंडरची. अमेरिकेतल्या लायनस येल धाकटे यांनी १८६१ आणि १८६५ मध्ये तिची पेटंटं घेतली. किल्लीबरोबर फिरणाऱ्या गोल भागात एका ओळीत पाच-सहा बारीक भोकं असतात. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि वरून दाबणारी स्प्रिंग. किल्ली नसताना वरची पिन फिरता भाग आणि त्याभोवतीचं कवच यांच्या बरोबर मध्ये आडवी येते आणि सिलिंडर जागचा हलत नाही. किल्लीचे दात प्रत्येक जोडीला नेमकं तेवढंच उचलतात, की दोन पिनांमधला सांधा या सीमेवर येऊन थांबतो. सगळे सांधे एका रेषेत आले की सिलिंडर फिरतो.

याचा एक व्यवहारी फायदा आहे. किल्ली हरवली किंवा भाड्याच्या नव्या घरात राहायला गेलात, तर अख्खं कुलूप बदलावं लागत नाही, नुसता सिलिंडर बदलता येतो. आधीच्या भाडेकरूकडे, रंगाऱ्याकडे, दलालाकडे किती किल्ल्या गेल्या याचा पत्ता नसतो. घरमालकाला विचारून हा खर्च पहिल्याच आठवड्यात करावा. नवा सिलिंडर दाराच्या पातळीच्या बाहेर आलेला नसावा. तो पुढे आलेला असला की पक्कडीत धरून पिळता आणि मोडता येतो.

आता एक चाचणी. दार उघडं ठेवून लॅचची जीभ बाहेर येऊ द्या आणि ती अंगठ्यानं दाबा. आत जाते? मग दार नुसतं ओढून घेतल्यावर ते बंद झालेलं असतं, कुलूप लागलेलं नसतं. तिरकी जीभ स्प्रिंगवर असते, आणि फटीतून घातलेल्या पातळ पट्टीनं ती मागे ढकलता येते. आता बाहेरून किल्लीचा एक पूर्ण फेरा द्या. बहुतेक लॅचमध्ये आता चौकोनी बोल्ट बाहेर येतो किंवा जीभ जागच्या जागी घट्ट होते. पुन्हा अंगठ्यानं दाबून बघा, आता ती हलता कामा नये. भाजी आणायला जातानाही हा फेरा द्यायचा. याला पैसा लागत नाही.

टांगायचं कुलूप घेणार असाल, तर ज्याचा दांडा कुलपाच्या अंगात जास्तीत जास्त झाकलेला राहतो ते घ्या. दांडा आणि कोयंडा यांच्यात मोकळी जागा उरली, की तिथे कटावणी शिरते आणि कुलूप उचकटलं जातं. पण टांगलेल्या कुलपाची खरी अडचण वेगळीच आहे. घरात कोणी नाही, हे ते जिना चढणाऱ्या प्रत्येकाला सांगतं. म्हणून सेफ्टी डोअरला आतल्या अंगाचं, दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं कुलूप बसवून घ्यावं. घरात माणसं असताना आणि नसताना दार बाहेरून अगदी सारखं दिसलं पाहिजे.

खिडक्या आणि वरच्या वाटा

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आता सगळीकडे आहेत. त्यांचा दोष असा, की कडी लावलेली असली तरी काचेची चौकट वर उचलून खालच्या पट्टीतून बाहेर काढता येते. वरच्या पट्टीत मोकळी जागा असते म्हणून हे होतं. खिडकी बंद असताना त्या वरच्या पट्टीत दोन स्क्रू असे बसवा, की त्यांची डोकी चौकटीच्या अगदी जवळ येतील. उचलायला जागाच राहणार नाही. खालच्या पट्टीत मोकळ्या भागाच्या मापाची काठी किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा आडवा ठेवला, की बाहेरून खिडकी सरकत नाही. हवेसाठी चार बोटं उघडी ठेवायची असेल, तर काठी तेवढी आखूड कापायची.

बाथरूमच्या आडव्या काचा त्यांच्या खाचांमध्ये सिलिकॉन भरून चिकटवून टाका किंवा आतून ग्रिल बसवा. एक्झॉस्ट फॅनच्या भोकालाही गज हवेत. ग्रिल बाहेरून बसवलेलं असेल, तर त्याच्या स्क्रूंची डोकी घासून गुळगुळीत करा.

उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवून झोपणाऱ्यांनी मोबाइल, पर्स, पँट खिडकीजवळच्या टेबलावर किंवा खुंटीवर ठेवू नये. ग्रिलमधून काठी घालून वस्तू ओढून घेतल्या जातात. हात आणि काठी मिळून जिथपर्यंत पोचेल, त्याच्या पलीकडे सगळं असावं.

कौलारू घरात वाट वरूनही असते. चार कौलं सरकवली की माणूस आत उतरतो. कोकणात चाकरमान्यांची घरं महिनोन् महिने बंद असतात, त्यांना हा धोका जास्त. वाशांखालून जाड तारेची जाळी ठोकून घेतली, तर कौलं काढली तरी उतरता येत नाही. निदान ज्या खोलीत कपाट आहे तिच्यावर तरी जाळी असावी, आणि त्या खोलीचं मधलं दारही कुलूप घेण्याजोगं असावं.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. चोर आत येऊ नये म्हणून केलेली सोय आग लागल्यावर घरच्यांना बाहेर पडू देत नसेल, तर ती सोय नव्हे. बाल्कनीच्या मोठ्या ग्रिलला उघडणारी एक खिडकी ठेवाच. तिची किल्ली बाहेरून हात पोचणार नाही, पण घरातल्या प्रत्येकाला अंधारातही सापडेल अशा एका ठरलेल्या खिळ्यावर असावी. रात्री आतून कुलूप लावून किल्ली उशीखाली घेऊन झोपू नये. घरात असताना कड्या पुरतात.

उजेड आणि आवाज

नऊ वॉटचा एलईडी दिवा रोज बारा तास जळला, तर महिन्याला सव्वातीन युनिट वीज लागते. तेवढ्यात मागचं दार किंवा जिना रात्रभर उजळून राहतो. मात्र दिवसाही जळत राहिलेला दिवा घरी कोणी नसल्याचं सांगतो. यासाठी अंधार पडला की आपोआप लागणारा आणि उजाडल्यावर बंद होणारा सेन्सर असलेला होल्डर मिळतो. तो नेहमीच्या दिव्यांना चालतो.

दुसरा प्रकार माणसाची चाहूल लागली की पेटणाऱ्या दिव्याचा. आपल्या शरीरातून सतत अवरक्त किरण बाहेर पडतात. या दिव्यातल्या सेन्सरचे दोन भाग असतात, आणि दोन्हींवर पडणाऱ्या किरणांत फरक पडला की तो दिवा लावतो. कोणी समोरून आडवं गेलं, की ते आधी एका भागाला आणि मग दुसऱ्याला दिसतं, फरक मोठा पडतो आणि दिवा चटकन लागतो. सरळ सेन्सरच्याच दिशेनं चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो. म्हणून असा दिवा दाराच्या डोक्यावर न लावता बाजूच्या भिंतीवर लावा, येणारा माणूस त्याच्यापुढून आडवा जाईल असा. काचेआड लावू नका, ते किरण खिडकीच्या काचेतून पलीकडे जात नाहीत.

आवाजासाठी दाराचा चुंबकी अलार्म हा सगळ्यांत स्वस्त उपाय. त्याचे दोन तुकडे असतात. एकात चुंबक, तो दारावर. दुसऱ्यात काचेची बारीक नळी आणि तिच्यात दोन पातळ पट्ट्या, तो चौकटीवर. चुंबक जवळ असेपर्यंत पट्ट्या चिकटून राहतात. दार उघडलं की चुंबक दूर जातो, पट्ट्या सुटतात आणि भोंगा वाजतो. तो दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि साध्या सेलवर चालतो. सेल मात्र दर दोन-तीन महिन्यांनी तपासायला हवा. हे काही नसेल, तर मागच्या दाराला टेकवून स्टीलच्या भांड्यांची उतरंड रचण्याची आजीची पद्धत आजही तितकीच कामाची आहे. रात्रीच्या शांततेत तो आवाज वाडीभर जातो.

कॅमेरा घ्यायचा असेल, तर दोन गोष्टी सांभाळा. तो इतका उंच लावू नका, की फक्त टोपीचा माथा दिसेल. दारात उभ्या माणसाचा चेहरा नीट दिसला पाहिजे. आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, नाहीतर आपल्या घराचं चित्र तिसराच कोणी पाहत बसेल. कॅमेरा चोराला अडवत नाही, त्याची नोंद ठेवतो. दाराचं काम राहून गेलं असेल, तर आधी ते करा.

बंद घर बंद दिसू नये

मे महिन्याची सुट्टी, गणपती, दिवाळी, लगीनसराई. आपण नेमके याच दिवसांत गावी जातो, आणि ते सगळ्यांनाच माहीत असतं. घर रिकामं आहे हे ओळखायला दोन दिवसांची पाळतही पुरते. दाराशी साचलेले पेपर, जिन्यात पडलेलं कुरिअर, सुकलेली तुळस, रोजची रांगोळी नसलेला उंबरठा, स्कूटरवरची धूळ, रात्री सगळ्या खोल्यांत अंधार.

जाण्याआधी पेपर आणि दूध बंद करा. एका खोलीतला दिवा टायमरवर लावून ठेवा, संध्याकाळी लागेल आणि झोपायच्या वेळी बंद होईल असा. टायमरचा प्लग काहीशे रुपयांत मिळतो. तुळशीला पाणी घालायला आणि दाराशी पडलेलं उचलायला शेजारच्यांना सांगा. प्रवासाचे फोटो परत आल्यावर टाका. स्टेशनवरून ठेवलेला स्टेटस आपल्या यादीतला कोणकोण पाहतो, हे आपल्यालाही ठाऊक नसतं. पोलिस ठाण्याला कळवून जाण्याचं आवाहन सुट्ट्यांच्या दिवसांत पोलिस करतात. ते गांभीर्यानं घ्या, गस्तीच्या वेळी आपल्या इमारतीकडे लक्ष राहतं.

आतल्या मौल्यवान वस्तू

घरातलं लोखंडी कपाट दणकट दिसतं, पण त्याचा पत्रा पातळ असतो आणि कटावणीला फार दाद देत नाही. त्याची किल्लीही बहुधा त्याच खोलीत गादीखाली किंवा कपड्यांच्या घडीत असते. रोज न लागणारे दागिने घरात न ठेवणं हाच खरा उपाय. बँकेचा लॉकर घेताना एक नियम माहीत असावा. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांमुळे नुकसान झालं, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. भाडं दोन हजार असेल तर मर्यादा दोन लाख. हा हिशोब मनात ठेवून काय कुठे ठेवायचं ते ठरवा.

घरी छोटी तिजोरी ठेवणार असाल, तर ती भिंतीत किंवा जमिनीत बोल्टनं जखडा. सुटी तिजोरी उचलूनच नेली जाते.

आणि एक दुपार काढून नोंद करा. प्रत्येक दागिन्याचा फोटो, वजन, पावती. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यांवर अंक-अक्षरांचा सहा स्थानांचा एचयूआयडी क्रमांक असतो, तो टिपून ठेवा. मोबाइलवर *#०६# दाबलं की आयएमईआय क्रमांक दिसतो. लॅपटॉप, टीव्ही यांचे क्रमांकही घ्या. ही यादी घरात न ठेवता ई-मेलवर किंवा भावा-बहिणीकडे ठेवा. चोरी झालीच, तर फिर्याद देताना ‘सोन्याचा हार’ एवढंच सांगण्याऐवजी नेमकं वर्णन देता येतं, आणि माल सापडला तर तो आपलाच असल्याचं दाखवताही येतं.

शेजार

वरचे सगळे उपाय चोराचा वेळ वाढवतात आणि आवाज करतात. पण तो आवाज ऐकून दार उघडणारं कोणी नसेल, तर सगळंच फुकट जातं. वाड्यात आणि चाळीत ही राखण आपसूक होत असे. गॅलरीत कोणी ना कोणी बसलेलं असायचं, आणि अनोळखी माणसाला ‘कोण पाहिजे?’ असं विचारलं जायचं. फ्लॅटमध्ये ती जाणीवपूर्वक करावी लागते. समोरच्या दोन बिऱ्हाडांशी मोबाइल नंबरांची देवाणघेवाण करा. गावी जाताना सांगून जा, आणि ते गेले की त्यांच्या दाराकडे तुम्ही लक्ष द्या. जिन्यात अनोळखी माणूस दिसला तर अदबीनं विचारा, ‘कोणाकडे आलात?’ खरा पाहुणा रागावत नाही. सोसायटीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही खरोखर भरली जाते का, हे अधूनमधून पाहा, आणि वॉचमनदादांना शिडी, पाइप, गच्ची या जागा दाखवून ठेवा.

गावांमध्ये ग्रामसुरक्षा दलाची गस्त आणि पोलीस पाटील ही व्यवस्था आहेच. पोलीस पाटलांचा नंबर प्रत्येक घरात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा, विशेषतः म्हातारी माणसं एकटी राहत असतील तिथे. शेतावरच्या वस्तीत घरं लांब लांब असतात, म्हणून तिथे मोठा भोंगा किंवा घंटा हवी आणि ती वाजली की काय करायचं, हे आसपासच्या वस्त्यांशी आधीच ठरलेलं असावं.

घडलंच तर

परत आल्यावर दार उचकटलेलं दिसलं, तर आत जाऊ नका. चोर आत असू शकतो. शेजाऱ्यांना हाक मारा, ११२ ला फोन करा, पोलिस येईपर्यंत कशालाही हात लावू नका. कपाटाचं दार नुसतं लोटलं तरी ठसे पुसले जातात. मध्यरात्री घरात कोणी शिरल्याची चाहूल लागली, तर अंगावर धावून जाऊ नका. सगळ्यांना एका खोलीत घ्या, आतून कडी लावा, ११२ ला कळवा आणि खिडकीतून जोरानं ओरडा. माणसापेक्षा ऐवज मोठा नाही.

फिर्याद नोंदवाच, नुकसान थोडं असलं तरी. भारतीय न्याय संहितेत राहत्या घरातल्या चोरीसाठी कलम ३०५ आणि घरफोडीसाठी कलम ३३१ आहे. ठाणं आपल्या हद्दीचं नसलं, तरी तक्रार घ्यावीच लागते. फिर्यादीची प्रत फुकट मिळते आणि ती जपून ठेवावी. घराचा विमा असेल, तर त्यासाठीही ती लागते. विमा घेताना त्यात घरफोडी धरलेली आहे का, हे मुद्दाम विचारा. आगीच्या विम्यात ती आपोआप येतेच असं नाही.

सुरुवात कुठून

हाती पाचशेच रुपये असतील, तर त्यांचे आरपार बोल्ट, तीन इंची स्क्रू आणि खिडक्यांच्या पट्टीत ठेवायला पाइप आणा. आणखी पाचशे जमले की मागच्या दाराला चुंबकी अलार्म आणि अंधारात लागणारा दिवा. हजार-दीड हजार हाताशी आले, की सेफ्टी डोअरच्या आतल्या कुलपाची चौकशी करा. कॅमेरा त्यानंतर. किल्लीचा पूर्ण फेरा, शेजाऱ्यांचा नंबर, किल्लीची बदललेली जागा आणि दागिन्यांची नोंद यांना तर पैसेच लागत नाहीत, ते आज रात्रीच करता येईल. येत्या रविवारी पेचकस घेऊन कोयंड्याचा तो पहिला स्क्रू काढून पाहा. आखूड निघाला, तर त्याच दिवशी बदला, आणि शेजारच्या दाराचाही बघून द्या.